पगार वाढला, पद वाढलं, तरी झोप उडाली: बदल पचवताना नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: कार्यालयात विभागांची फेररचना झाली. अनेक वर्षं सांभाळलेलं काम दुसऱ्या विभागाकडे गेलं, नवे वरिष्ठ आले, सगळ्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरवर गेल्या आणि सहा जणांची टीम हाताखाली आली. पगार कमी झाला नाही, थोडा वाढलाच. तरीही चार महिने झाले, झोप नीट लागत नाही, साध्या कामात चुका होतात, घरी चिडचिड होते. टीममधले दोघं उघड विरोध करतात, एक जण अगदी गप्प झालाय. "सकारात्मक राहा" हे ऐकून कान किटलेत. स्वतःला कसं सावरायचं, टीमला कसं सांभाळायचं आणि हे किती दिवस चालणार?

आधी गाभ्याचं. अशा वेळी नवं काय आलं याबद्दल सगळे बोलतात, पण हातून काय गेलं याचा हिशेब कुणी मांडत नाही. बराचसा त्रास त्या न मांडलेल्या हिशेबाचा असतो. तुमचा तो राहिलाय आणि टीमचाही. त्यामुळे फायद्यांची उजळणी, प्रेरणादायी भाषणं, नवे संकल्प हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. क्रम उलटा झाला की उपाय लागू पडत नाहीत.

पगार वाढला म्हणजे मन खूश असायलाच हवं, हे गणितही सोडून द्या. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि त्या त्या घटनेनंतर माणसाला किती जुळवून घ्यावं लागतं, त्यानुसार गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, नोकरी जाण्याला ४७, निवृत्तीला ४५ आणि लग्नाला ५०. लग्नासारख्या आनंदाच्या घटनेला नोकरी गमावण्यापेक्षा जास्त गुण! ही यादी हाताशी आली की लोक स्वतःची बेरीज करतात आणि घाबरतात. ते करू नका, एकेका माणसाचं आजारपण त्या बेरजेवरून सांगता येत नाही. जुळवून घेण्याला मेहनत पडते, मग बदल चांगला असो की वाईट, एवढंच त्यातून घ्या.

ही मेहनत नेमकी कुठे पडते, ते तुमच्या चुकांमध्ये दिसतं. बहुतेक जण इथेच "आपलं डोकं चालेनासं झालं" असं ठरवून मोकळे होतात. वर्षानुवर्षं केलेल्या कामात शेकडो बारीक गोष्टी हात आपोआप करत असतो: कुठलं बटण, कुणाला फोन, कुठल्या शब्दांत कळवायचं. या सवयी त्या जागेला, त्या स्क्रीनला, त्या माणसांना बांधलेल्या असतात. ती खूण गेली की तेच काम पुन्हा लक्ष देऊन करावं लागतं आणि लक्ष मर्यादित असतं. मग मेलला फाईल जोडायची राहते, तारीख चुकते.

त्यावर उपाय साधा आहे, फक्त तो कमीपणाचा वाटतो. महिना-दोन महिने आठवणीवर विसंबू नका. रोज लागणाऱ्या चार-पाच कामांच्या पायऱ्या प्रत्येकी एका पानावर लिहा आणि काम येतंय असं वाटलं तरी एकेका पायरीवर खूण करत जा. चुका साधारण तीन ठिकाणी होतात. पहिलं ठिकाण म्हणजे शेवटची पायरी, कारण मुख्य काम झालं की मन पुढे निघून जातं. दुसरं, मध्येच कुणी हाक मारल्यानंतर. तिसरं ठिकाण सगळ्यात फसवं: जिथे जुनं आणि नवं सारखं दिसतं. जुन्या पद्धतीत "बंद" म्हणजे काम पूर्ण झालं आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये "बंद" म्हणजे अर्ज फेटाळला, अशी एखादी जागा असतेच. अशा जागा शोधून त्या पानावर लाल पेनाने लिहा. पूर्णपणे नवी गोष्ट शिकणं त्यामानाने सोपं जातं, कारण तिथे जुनी सवय आड येत नाही.

गेलेल्याची यादी

डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात एक मुद्दा असा होता की, जेवढ्यास तेवढा नफा आणि तोटा समोर असला तर तोटा जास्त बोचतो. पुढे १९९२ मध्ये पैशांच्या पैजांवरून त्यांनी हे प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास काढलं. आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीला हाच आकडा लावणं चूक ठरेल, पण दिशा पक्की आहे. पगारवाढीचा आनंद आणि हातून गेलेल्या कामाचं दुःख समोरासमोर ठेवून "हिशेब बरोबर झाला" असं मनाला पटवता येत नाही ते यामुळेच.

आता प्रत्यक्ष कृती. एक कागद आणि वीस मिनिटं घ्या. मोबाईलवर टिपण करू नका, मध्येच काहीतरी वाजतं आणि धागा तुटतो. प्रत्येक वाक्य "पूर्वी..., आता..." याच साच्यात लिहायचं. पुढच्या सहा बाबी एकेक करून तपासा: कौशल्य, ओळख, माणसं, दिनक्रम, स्वतःच्या कामावरचा ताबा आणि भविष्याचं मनात धरलेलं चित्र.

उदाहरणार्थ: "पूर्वी अडलेली फाईल सगळीकडून फिरून शेवटी माझ्या टेबलावर यायची, आता मीच दुसऱ्याला विचारत फिरतो." हे ओळखीचं नुकसान आहे. "पूर्वी साडेदहापर्यंत कुणी त्रास द्यायचं नाही, आता नऊलाच बैठक." हा गेला दिनक्रम. "पूर्वी दोन वर्षांनी विभागप्रमुख होईन असं धरलं होतं, आता तो विभागच नाही." हे भविष्याचं चित्र, आणि लोक नेमकं हेच लिहायचं विसरतात, कारण जे कधी मिळालंच नव्हतं ते गेलं असं म्हणणं विचित्र वाटतं. पण मन त्याचंही दुःख करतं. "सगळं विस्कटलं", "मजा राहिली नाही" असली वाक्यं चालणार नाहीत. ती खोटी नसतात, पण त्यांच्यावर काही करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करा. "गेलं": ते परत येणार नाही. "वेगळ्या रूपात": तीच गरज दुसरीकडून भागवता येईल. "भीती": अजून गेलेलं नाही, जाईल असं वाटतंय. यादीतली बरीच वाक्यं तिसऱ्या खुणेत पडतात आणि नुसतं तेवढं दिसलं तरी छाती जरा हलकी होते. दुसऱ्या खुणेच्या वाक्यांवर काम करायचं. अडलेल्या फाईलचं उदाहरण घ्या. लोक सल्ल्यासाठी आपल्याकडे येतात ही गरज खरी आहे आणि ती भागवायला तीच फाईल लागते असं नाही. ज्या विभागाकडे काम गेलं, त्यांना पहिले दोन महिने आठवड्यातून ठरावीक एक तास मार्गदर्शन देता येतं. फक्त त्याला शेवटची तारीख ठरवा, नाहीतर जुनं काम मागच्या दाराने परत अंगावर येतं आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

पहिल्या खुणेच्या वाक्यांना उपाय नसतो. त्यांचं वाईट वाटून घ्यायला मोकळीक द्यायची असते.

हा प्रकार कुठे फसतो तेही पाहा. नुकसानाऐवजी माणसांबद्दलच्या तक्रारी लिहिल्या की कागद भरतो आणि मन आणखी तापतं. नव्या साहेबांचा स्वभाव हा तुमच्या यादीतला विषय नाही, त्या स्वभावामुळे तुमच्या हातून काय गेलं ते लिहा. त्याच दिवशी शेजारी फायद्यांचा रकाना काढला की माणूस पहिला रकाना आखडता घेतो. आणि रोज रात्री तेच लिहीत बसलात तर त्याला रवंथ म्हणतात. जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात मनातल्या क्लेशदायक अनुभवांबद्दल लिहून घेण्याचे प्रयोग केले, त्यात लिखाण दिवसाला पंधरा मिनिटं आणि सलग चार दिवस एवढंच होतं. लिहिल्यावर लगेच बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका, त्या दिवशी बहुधा जास्तच उदास वाटतं. पण चौथ्या दिवशीही तेच वाक्य त्याच शब्दांत उतरत असेल तर थांबा आणि ते एखाद्या माणसाशी बोला.

ठरलेलं आणि न ठरलेलं

बदलाच्या काळात झोप उडवणारी गोष्ट बहुधा वाईट बातमी नसते, बातमीच नसणं ही असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४५ जणांना स्क्रीनवरच्या दगडांखाली साप आहे की नाही याचा अंदाज बांधायचा होता. साप निघाला की हाताला विजेचा छोटा झटका. घाम आणि डोळ्याच्या बाहुलीचा विस्तार मोजून ताण पाहिला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोक जितके तणावात होते, त्यापेक्षा जास्त ताण झटक्याची शक्यता पन्नास टक्के असताना दिसला.

यातून निघणारं पहिलं काम म्हणजे वरिष्ठांना "काय होणार?" असं विचारणं बंद करून "हे कोणत्या तारखेपर्यंत ठरेल?" असं विचारणं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे बहुधा नसतं, त्यामुळे ते टाळतात आणि टाळण्यावरून तुम्ही अर्थ काढत बसता. दुसऱ्याचं उत्तर देता येतं. "अजून महिनाभर तरी नाही" हेही उपयोगाचं आहे, निदान तो महिना रोज अंदाज बांधायची गरज उरत नाही.

दुसरं काम काळजीला वेळ नेमून देणं. मानसशास्त्रज्ञ टॉम बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत तपासली आणि ती आजही उपचारात वापरली जाते. रोज ठरलेली एक वेळ आणि ठरलेली एक जागा निवडा, वीस ते तीस मिनिटं. अंथरूण नको, ज्या खुर्चीत विश्रांती घेता ती नको आणि झोपण्याआधीचे दोन तास नकोत. दिवसभरात काळजी डोक्यात आली की कागदावर दोन शब्द लिहायचे, "मूल्यमापन, जून" इतकेच, आणि हातातलं काम पुढे चालू. नेमलेल्या वेळी तो कागद उघडायचा. ज्या काळजीवर काही करता येईल, तिच्यापुढे पुढची एक कृती आणि तिचा दिवस लिहायचा. ज्यावर काहीच करता येत नाही, तिच्यावर रेघ मारायची. पहिल्या आठवड्यात काळज्या वाढल्यासारख्या वाटतात, कारण आता त्या मोजल्या जाताहेत. काही जण "आज काळजीच नाही" म्हणून वेळ टाळतात आणि रात्री एकला ती काळजी हजर होते. कागद कोरा असला तरी पाच मिनिटं बसा.

झोपेबद्दल फार पसारा नको. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. अंदाजे वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. रात्रीची कसर दुपारी लांब झोपून काढू नका. कार्यालयाचे मेल रात्री पाहणं बंद. एवढं तीन आठवडे नेटाने केलं तर बराच फरक पडतो.

आणि एक गोष्ट करू नका. कार्यालयात उलथापालथ चालू असताना "आता आयुष्यच बदलून टाकू" म्हणून पहाटेचा व्यायाम, नवा आहार, घराची दुरुस्ती हे सगळं एकदम सुरू करायचं नाही. उलट आठवड्यातल्या तीन गोष्टी हट्टाने होत्या तशाच ठेवा. संध्याकाळचं फिरणं, आठवड्याचा एक ठरलेला फोन, जेवणाची वेळ, काहीही चालेल. माणूस धावपळीत नेमक्या याच गोष्टी आधी सोडतो, कारण त्या सोडल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही.

नवी सवय लावायची असेल तर "जर... तर..." असं वाक्य करा. पीटर गोल्वित्झर यांनी या पद्धतीवर बरंच काम केलं आहे आणि २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तिचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. अट अशी की "जर"मध्ये डोळ्यांना दिसणारी खूण हवी आणि "तर"मध्ये हातापायांनी करायची कृती. "ताण आला तर शांत राहीन" याला काही अर्थ नाही. ताण आला हे कळेपर्यंत आवाज चढलेला असतो. "जर नव्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद अडली, तर जुनी वही उघडण्याआधी मदतीच्या पानावर दोन मिनिटं शोधेन, नाही सापडलं तर शेजारी विचारेन" हे चालतं. एका वेळी दोनच वाक्यं घ्या. पाच घेतलीत तर एकही लागत नाही.

सवय एकवीस दिवसांत लागते ही दंतकथा आहे. तिचा उगम १९६० च्या सुमाराचा, एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे: शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याने लिहिलं होतं. "निदान" गळून पडलं आणि आकडा तेवढा उरला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बावीसाव्या दिवशी स्वतःला नापास करू नका.

टीमचं काय

बदलावरच्या प्रशिक्षणांमध्ये एक वक्ररेषा हमखास दाखवतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. या पाच अवस्था एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांशी बोलून. सगळी माणसं त्या क्रमाने जातात याला भक्कम पुरावा नाही, आणि नव्या सॉफ्टवेअरला वैतागलेल्या कर्मचाऱ्याला ती रेषा लावणं तर फारच झालं. तोटा असा होतो की समोरच्याने रास्त आक्षेप घेतला तरी "तो अजून रागाच्या अवस्थेत आहे" म्हणून ऐकणं थांबतं.

विरोध हे एकच दुखणं नाही. निदान चार वेगळी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पटत नाही: माणसाला बदलाचं कारणच मान्य नाही. त्याला कारण आणि आकडे द्या, त्याचा युक्तिवाद लेखी घ्या, आणि तो बरोबर असेल तर तसं मान्य करा. जमत नाही: हा बाहेरून वाद घालतो पण आतून घाबरलेला असतो, विशेषतः जो जुन्या कामात सगळ्यांत हुशार होता. त्याला चारचौघांत प्रशिक्षण देऊ नका. एकट्याला, त्याच्याच खऱ्या कामावर, अर्ध्या अर्ध्या तासाच्या तीन-चार बैठकांत शिकवा. परवडत नाही: बदलाने त्याचं खरंच नुकसान होतंय, वेळ, भत्ता, मान काहीतरी जातंय. इथे समजूत काढणं हा अपमान ठरतो, भरपाई किंवा तडजोड बोला, आणि हातात काही नसेल तर तसं स्पष्ट सांगा. विश्वास नाही: मागच्या वेळी दिलेला शब्द पाळला गेला नव्हता. याला शब्दांचा उपयोग नाही, छोटी आश्वासनं द्यायची आणि तारखेला पाळायची.

कोण कुठल्या गटातलं हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. "या बदलात तुमच्या हातून काय चाललंय?" आणि "नव्या पद्धतीत कुठे अडतं ते मला करून दाखवा." दुसरा प्रश्न टाळला जातो, पण खरी माहिती तिथेच मिळते. जमत नसलेला माणूस सांगताना तत्त्वाचं बोलतो आणि करून दाखवताना तिसऱ्याच क्लिकला थांबतो. पटत नसलेला सगळं सराईतपणे करून दाखवतो आणि मग म्हणतो, "बघा, यात दहा मिनिटं जास्त गेली." त्याची दहा मिनिटं खरी असू शकतात, घड्याळ लावून पाहा.

गप्प झालेल्या माणसाकडे आधी लक्ष द्या. भांडणारे अजून आत आहेत. गप्प बसलेल्याने कदाचित बाहेरचा रस्ता शोधायला घेतलाय, किंवा तो आजारी आहे. त्याला बैठकीत बोलतं करायचा प्रयत्न नको. एकट्याला भेटा, त्याच्यात जे बदललेलं दिसतं ते आरोप न करता सांगा ("पूर्वी आढाव्यात तुम्ही दोन-तीन सूचना करायचात, गेल्या महिन्यात एकही नाही") आणि पुढे गप्प बसा. शांतता अवघड वाटली तरी ती तुम्ही भरू नका.

टीमसाठी आठवड्याला पंधरा मिनिटांची एक बैठक ठेवा, वार आणि वेळ न बदलता. तिच्यात तीनच विषय: काय ठरलंय, काय ठरलेलं नाही, आणि न ठरलेलं कधी कळेल. बोलणं असं असावं: "जूनपासून नोंदी फक्त नव्या सॉफ्टवेअरवर होतील, हे ठरलंय. कोण कुठल्या विभागाला जोडलं जाईल हे ठरलेलं नाही. त्याबद्दल पुढच्या शुक्रवारी मी सांगेन, आणि तोवर काही कळलं नाही तर तेही शुक्रवारीच सांगेन." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. सांगण्यासारखं काही नाही म्हणून बैठक रद्द केली की दुपारपर्यंत तीन अफवा तयार होतात. "काळजी करू नका, सगळं चांगलं होईल" हे टाळा. तुम्हाला ते माहीत नाही आणि तुम्हाला माहीत नाही हे त्यांना माहीत आहे. जुनी पद्धत वाईट होती असंही म्हणू नका. ती पद्धत याच लोकांनी राबवली होती. जुनं काम अधिकृतपणे बंद करा: कोणत्या तारखेला थांबतंय, त्यातून काय साधलं, कागदपत्रं कुठे ठेवली, हे सगळ्यांसमोर एकदा सांगा.

लोकांना सामील करून घेण्याचा फायदा किती, याचं जुनं पण बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका पायजमे शिवणाऱ्या कारखान्याचं आहे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला: उत्पादन घसरलं, सावरलं नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. ज्या गटांत सगळ्यांनी मिळून नव्या पद्धतीचा तपशील ठरवला, ते लवकर सावरले आणि पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले, कुणी सोडूनही गेलं नाही. गट छोटे होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

पण लक्षात घ्या, बदल करायचा की नाही हे कामगारांना विचारलं नव्हतं. कसा करायचा, हे विचारलं होतं. तुम्हीही बैठकीआधी स्वतःशी नक्की करा की कोणत्या गोष्टी खरोखर खुल्या आहेत. कामाचा क्रम, पाळ्या, कोण कुणाला शिकवणार, अर्जाचा नमुना, अशा दोन-चार गोष्टी नक्की निघतात. तेवढ्याच विचारा आणि आलेलं उत्तर अमलात आणा. आधीच ठरलेल्या गोष्टीवर मत मागवणं हे न विचारण्याहून वाईट, कारण पुढच्या वेळी खऱ्या प्रश्नालाही कुणी उत्तर देत नाही.

कर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात सांगितलेली एक गोष्ट आजही रोज उपयोगी पडते: रेटा वाढवण्यापेक्षा अडथळा काढा. रेटा वाढवला की विरोधही वाढतो, आणि काम हललं तरी ताण साठून राहतो. "वापरलंच पाहिजे" अशी तिसरी सूचना काढण्याआधी पासवर्ड कुणाला मिळालेले नाहीत, प्रिंट कुठे अडते, शंका विचारायला नेमका माणूस कोण, हे पाहा. पहिले सहा-आठ आठवडे उत्पादकता खाली जाणार हे गृहीत धरा आणि ते वरिष्ठांना आधीच लेखी कळवून उद्दिष्ट कमी करून घ्या. घसरण झाल्यावर सांगितलं तर ती सबब ठरते. जुनी आणि नवी पद्धत काही काळ समांतर चालवावी लागली तर जुनी बंद होण्याची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. तारीख नसलेली समांतर व्यवस्था म्हणजे सगळ्यांना दुप्पट काम.

जुळवून घेणं कधी चूक ठरतं

रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला सामोरं जाण्याचे दोन मार्ग वेगळे काढले: परिस्थितीवर काम करणं आणि स्वतःच्या भावनांवर काम करणं. बदलता येण्याजोग्या गोष्टीवर पहिला, न बदलणाऱ्या गोष्टीवर दुसरा. गोंधळ होतो तो अदलाबदलीने. कामाचे तास बेसुमार वाढले असतील, अपमानास्पद वागणूक असेल, नियमबाह्य काम सांगितलं जात असेल, तर श्वसनाचे व्यायाम करून ते सोसत राहणं हा उपाय नाही. तिथे लेखी तक्रार, बदलीचा अर्ज किंवा दुसरी नोकरी हेच समंजस उत्तर असतं.

डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी जायचं? बदलानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झालेला त्रास घटनेच्या मानाने फारच जास्त असेल किंवा त्यामुळे काम आणि घर सांभाळणं जमेनासं झालं असेल, तर त्याला समायोजन विकार म्हणतात आणि तो उपचाराने सुधारतो. दोन आठवडे जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर नैराश्याची तपासणी करून घ्या. झोपेसाठी दारू किंवा मनाने घेतलेल्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर आठवडाभरही थांबू नका. जगण्यात अर्थ नाही किंवा स्वतःला संपवावं असे विचार आले तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका आणि तातडीची मदत घ्या. तुमच्या वर्णनावरून झोप आणि चिडचिड चार महिने टिकली आहे, म्हणून हे सगळं करत असतानाच एकदा साधी वैद्यकीय तपासणीही करा. थायरॉईडच्या बिघाडात आणि रक्तक्षयात अशीच लक्षणं दिसू शकतात आणि ताणाच्या नावाखाली ती राहून जातात.

किती दिवस लागतील याची तारीख देता येत नाही. पण आपला अंदाज एका बाजूला झुकतो हे ठाऊक आहे: वाईट वाटणं प्रत्यक्षात टिकतं त्यापेक्षा जास्त दिवस टिकेल, असं माणसं धरून चालतात. म्हणून मनाला विचारण्याऐवजी आठवड्याला तीन आकडे लिहा: किती रात्री अर्ध्या तासाच्या आत झोप लागली, किती चुका परत दुरुस्त कराव्या लागल्या, आणि किती दिवस सलग तासभर तरी कार्यालयाचा विचार आला नाही. एकेका आठवड्याकडे पाहू नका, तीन-तीन आठवड्यांची तुलना करा. सहा आठवड्यांनंतरही तिन्ही आकडे जागचे हलले नसतील तर आधी गेलेल्याची यादी पुन्हा काढा; बहुधा त्यात एक वाक्य लिहायचं राहिलेलं असतं. तरी अडलं तर समुपदेशकाकडे जा आणि जाताना ती यादी आणि हे आकडे सोबत न्या, पहिली भेट केवळ माहिती देण्यात जाणार नाही.